डिशवॉशरला मीठ कशाला?

धुतलेल्या काचेच्या पेल्यांवर पांढुरका थर दिसला, की आपण पावडरला नावं ठेवतो. बहुतेक वेळा कारण असतं पाणी. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. पाणी तापलं की त्यांचे क्षार भांड्यांवर आणि हीटरवर बसतात. म्हणून यंत्रात रेझिनचे मणी असतात. ते कॅल्शियम धरून ठेवतात, बदल्यात सोडियम सोडतात. मण्यांची क्षमता संपली, की मिठाचं पाणी त्यांना पुन्हा ताजंतवानं करतं. त्यासाठी डिशवॉशरचं जाडं मीठच हवं. खाण्याच्या बारीक मिठाने मार्ग तुंबू शकतो. भरताना मीठ सांडलं तर पुसून घ्या आणि लगेच यंत्र चालवा, नाहीतर स्टील गंजतं.

तळाची जाळी आठवड्याला काढून त्यातली शितं, मोहरी, कढीपत्ता वाहत्या पाण्याखाली धुवा. ॲल्युमिनियमची कढई आत काळी पडते, लोखंडी तवा गंजतो. ही भांडी हातानेच घासलेली बरी. सुऱ्या टोक खाली करून ठेवा. भांडी घासायचं नेहमीचं लिक्विड ओतू नका; फेस दारातून बाहेर येईल. डिशवॉशरची पावडर तीव्र अल्कधर्मी असते. तोंडात किंवा डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते, म्हणून मुलांचा हात पोचणार नाही अशा कपाटातच ठेवा.