विश्लेषण : रोलर कोस्टरमध्ये पोटात येणारा गोळा कागदावर कसा आखतात?

सौदी अरेबियाची राजधानी रियाधजवळ ‘सिक्स फ्लॅग्ज किद्दिया सिटी’ हे मनोरंजन उद्यान ३१ डिसेंबर २०२५ रोजी खुले झाले. तिथल्या ‘फाल्कन्स फ्लाइट’ या रोलर कोस्टरने उंची, वेग आणि लांबी असे तिन्ही जागतिक विक्रम एकाच वेळी आपल्या नावावर केले. समाजमाध्यमांवर त्याच्या चित्रफिती फिरू लागल्यापासून एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे यात बसणे सुरक्षित आहे का? त्याचे उत्तर उंचीच्या किंवा वेगाच्या आकड्यात सापडत नाही. ते रुळाच्या आखणीत असते.

किद्दियातला कोस्टर नेमका केवढा?

उंची १९५ मीटर, म्हणजे कुतुबमिनारच्या अडीचपटीहून जास्त. कमाल वेग ताशी २५० किलोमीटर. रुळाची लांबी सुमारे सव्वाचार किलोमीटर, साधारण सीएसएमटी ते भायखळा एवढी. याआधी लांबीचा विक्रम जपानच्या ‘स्टील ड्रॅगन २०००’कडे होता, त्याची लांबी २,४७९ मीटर. वेगाचा विक्रम अबू धाबीतल्या ‘फॉर्म्युला रोसा’कडे होता, ताशी २४० किलोमीटर. तिथे वाळूचा कण डोळ्यात जाऊन इजा होऊ नये म्हणून प्रवाशांना गॉगल लावावा लागतो.

‘फाल्कन्स फ्लाइट’ इंटामिन या युरोपीय कंपनीने उभारला आहे. तुवैक पर्वतरांगेच्या कड्याचा त्यात थेट वापर केला आहे. गाडी आधी कड्यावर चढते आणि मग कड्यावरून खाली झेपावते. एवढी सगळी उंची पोलादी खांबांवर उभी करण्यापेक्षा डोंगर वापरणे केव्हाही शहाणपणाचे.

उतारावरून वेग मिळतोच, मग मोटार कशाला?

पारंपरिक कोस्टरला इंजिन नसते. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते आणि तिथून पुढे सगळा कारभार गुरुत्वाकर्षणाचा. पहिल्या शिखरावर जेवढी ऊर्जा जमा झाली, तेवढ्यावरच शेवटच्या ब्रेकपर्यंत भागवायचे. वाटेत हवेचा अवरोध आणि चाकांचे घर्षण आपला वाटा कापून घेतात. म्हणूनच जुन्या कोस्टरमध्ये प्रत्येक पुढची टेकडी आधीच्यापेक्षा बुटकी दिसते.

आता साधे गणित करू. घर्षण अजिबात नाही असे धरले, तरी १९५ मीटर खाली आल्यावर गाडीला ताशी सुमारे २२३ किलोमीटर एवढाच वेग मिळतो. ताशी २५० साठी जवळपास २४६ मीटर उंची लागेल. ही तूट विद्युतचुंबकीय मोटारी भरून काढतात. रुळाकडेने बसवलेली गुंडाळ्यांची रांग क्रमाने जिवंत होते आणि गाडीखालच्या चुंबकांना पुढे पुढे ढकलत नेते. साखळी नाही, दोरखंड नाही आणि एकाच प्रवासात हा धक्का अनेकदा देता येतो.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ‘किंगडा का’ या कोस्टरने हिशेब चुकला तर काय होते ते अनेकदा दाखवले. २००५ मध्ये सुरू झालेल्या या कोस्टरची उंची १३९ मीटर होती. सपाट रुळावर गाडीला ताशी २०६ किलोमीटरपर्यंत नेऊन थेट उभ्या मनोऱ्यावर सोडले जाई. कागदावर एवढा वेग १६७ मीटर चढायला पुरेसा आहे. म्हणजे घर्षण, हवा आणि माथा ओलांडण्यापुरता वेग या सगळ्यासाठी हाताशी उरत २८ मीटर. समोरून वारा आला किंवा धक्का किंचित कमी पडला, तर गाडी माथ्याजवळ पोहोचून मागे घसरत खाली येई. आरेखकांनी हे गृहीत धरले होते. परत आलेल्या गाडीला थांबवण्यासाठी सुरुवातीच्या रुळावर चुंबकीय ब्रेक वर उचलले जात. प्रवाशांना थोडी भीती आणि दुसऱ्यांदा चढण्याची संधी मिळे. हा कोस्टर फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडण्यात आला.

वेगवान कोस्टरला एवढी जागा का लागते?

विक्रमांच्या जाहिरातीत वळणाची त्रिज्या कधी छापत नाहीत. खरे तर आरेखकाचा बहुतेक वेळ तिच्यातच जातो.

गाडी उतार संपवून दरीतून वर वळते, तेव्हा प्रवासी आसनात दाबला जातो. हा दाब ‘जी’मध्ये मोजतात. १ जी म्हणजे नेहमीचे वजन. ४ जी असेल तर ६० किलोच्या माणसाला आपण २४० किलोचे झालो आहोत असे वाटते आणि हृदयाला त्याच प्रमाणात जड झालेले रक्त मेंदूकडे चढवावे लागते. दरीच्या तळाशी ४ जी ही मर्यादा पाळायची, तर ताशी १२५ किलोमीटर वेगाला सुमारे ४१ मीटर त्रिज्येचे वळण पुरते. वेग दुप्पट करून २५० केला, तर त्रिज्या दुप्पट होऊन भागत नाही. ती चौपट, म्हणजे सुमारे १६४ मीटर करावी लागते. एकाच वळणाला ही जागा, तर सबंध कोस्टरचे काय, असा अंदाज बांधता येतो. शहरालगतच्या उद्यानात असा रूळ मावणार नाही. वाळवंटात असले विक्रम होण्यामागे पैशाइतकेच मोकळ्या जमिनीचेही कारण आहे.

लूप गोल का नसतो?

लूप म्हणजे उभे वर्तुळ असे बहुतेकांना वाटते. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा कोस्टर उभारणाऱ्यांनाही तसेच वाटले होते. त्याचा लूप जवळजवळ पूर्ण गोल होता आणि व्यास आठ मीटरहून कमी. लोक मान धरून उतरत. नंतर तर आत बसणाऱ्यांपेक्षा बाहेर उभे राहून बघणारेच जास्त झाले.

गोची अशी की, माथ्यावर गाडी रुळाला जेमतेम चिकटून राहील एवढाच वेग ठेवला, तरी पूर्ण गोल लूपच्या तळाशी ६ जी येतात. लूप लहान असो की मोठा, हा आकडा बदलत नाही. शिवाय सपाट रुळावरून वर्तुळात शिरताना हा भार हळूहळू वाढत नाही. तो एका क्षणात आदळतो. मानेला त्याचाच फटका बसे.

याचे उत्तर रेल्वेमार्ग आखणाऱ्यांकडे आधीपासून होते. सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये ते हळूहळू वाकत जाणारा एक तुकडा टाकतात. अशा वक्राचा एक प्रकार म्हणजे क्लोथॉइड. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी तो कोस्टरच्या लूपमध्ये आणला. खाली, वेग जास्त असताना, वळण मोठे ठेवायचे आणि वर, वेग मंदावल्यावर, ते आवळायचे. त्यातून पाण्याच्या उलट्या थेंबासारखा आकार मिळतो. आन्टोन श्वार्त्सकोफ यांच्यासोबत त्यांनी केलेला ‘ग्रेट अमेरिकन रिव्होल्यूशन’ १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला. पोलादी रुळावरच्या आधुनिक उभ्या लूपची सुरुवात तिथून मानतात. ‘फ्लिप फ्लॅप’पासून या घटकेपर्यंत ८१ वर्षे गेली होती.

श्टेंगेल यांच्या नावावर आणखी एक कल्पना सांगितली जाते, ‘हार्टलाइन’ची. गाडी कुशीवर वळताना रुळाभोवती फिरली, तर रुळापासून उंचावर असलेले प्रवाशाचे डोके गोफणीतल्या दगडासारखे झटक्याने बाजूला फेकले जाते. म्हणून आखणीची सुरुवात रुळापासून करायची नाही. आधी प्रवाशाचे हृदय हवेत कोणत्या रेषेवरून जाईल ते ठरवायचे, गाडी त्या रेषेभोवती फिरवायची आणि सगळ्यात शेवटी रूळ जिथे यायचा तिथे येऊ द्यायचा. नव्या कोस्टरचे रूळ दुरून विचित्र वेडेवाकडे दिसतात, ते यामुळे.

पोटात गोळा येतो, तेव्हा काय होते?

जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली येताना जे होते तेच. आसनाचा आधार क्षणभर सुटतो आणि पोटातले अवयवही वजनरहित होतात. कोस्टरच्या भाषेत याला ‘एअरटाइम’ म्हणतात. टेकडीचा माथा हवेत भिरकावलेल्या चेंडूच्या मार्गासारखा आखला, की तो मार्ग चालू असेपर्यंत प्रवासी तरंगतो. माथा त्याहून थोडा अधिक आवळला, तर प्रवासी आसनातून वर उचलला जातो आणि मांडीवरची दांडी त्याला धरून ठेवते.

अशा वेळी गाडी रुळावरून का उडत नाही? तिला चाकांचे तीन संच असतात. एक रुळावर, एक बाजूला आणि एक रुळाच्या खाली. खालच्या चाकांची युक्ती जॉन मिलर या अमेरिकी आरेखकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी रूढ केली. तोवर टेकड्या सौम्यच ठेवाव्या लागत.

शरीर वरून दाबणारा भार जितका सोसते, तितका खालून उचलणारा किंवा बाजूने ढकलणारा सोसत नाही. शिवाय किती भार याच्याइतकेच तो किती वेळ हेही महत्त्वाचे असते. अर्ध्या सेकंदाला चालणारा भार चार सेकंदांना चालत नाही. अमेरिकी, युरोपीय मानकांत त्यासाठी दिशा आणि कालावधीनुसार मर्यादा दिलेल्या आहेत. भारतातही अशा खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे मानक आहे.

एका रुळावर अनेक गाड्या, तरी टक्कर का होत नाही?

रांग लवकर पुढे सरकावी म्हणून मोठ्या कोस्टरवर एका वेळी दोन-तीन किंवा जास्त गाड्या धावतात. उपनगरी रेल्वेप्रमाणेच रूळ काल्पनिक तुकड्यांत, म्हणजे ब्लॉकमध्ये विभागतात. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याशिवाय मागच्या गाडीला प्रवेश नाही. गाड्या जितक्या, त्यापेक्षा किमान एक ब्लॉक जास्त हवा. प्रत्येक ब्लॉकच्या टोकाला गाडी पूर्ण थांबवण्याची आणि तिथून पुन्हा हलवण्याची सोय लागते. लूपच्या मध्यावर काही गाडी थांबवता येत नाही. म्हणून भन्नाट वळणांच्या मधूनच एखादा कंटाळवाणा सपाट तुकडा येतो. प्रवासी नाक मुरडतात, पण तो त्यांच्यासाठीच असतो.

तिथले बरेचसे ब्रेक चुंबकीय असतात. गाडीखालची धातूची पट्टी चुंबकांमधून गेली, की तिच्यात प्रवाह निर्माण होऊन वेग मंदावतो. वीज गेली तरी हे काम चालू राहते. मात्र चुंबक गाडी पूर्ण थांबवू शकत नाहीत, शेवटी घर्षणाचे ब्रेक लागतातच.

ही सगळी व्यवस्था असूनही २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स उद्यानात ‘स्मायलर’ या कोस्टरवर १६ जणांची गाडी रुळात अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना पाय गमवावे लागले. त्या दिवशी वारा जोराचा होता. चाचणीसाठी सोडलेली रिकामी गाडी चढ पार न करता अडकली. यंत्रणेने ते ओळखले होते आणि मागची गाडी रोखूनही धरली होती. पण अडकलेली गाडी तंत्रज्ञांच्या लक्षात आली नाही. यंत्रणाच चुकत आहे असे समजून त्यांनी तिचा आदेश बाजूला सारला आणि प्रवाशांची गाडी पुढे सोडली. २०१६ मध्ये न्यायालयाने संचालक कंपनीला ५० लाख पौंड दंड ठोठावला. दोष एकट्या तंत्रज्ञांवर ढकलून मोकळे होता आले नाही. अशा वेळी काय करायचे याची नीट पद्धत त्यांना कंपनीने आखून दिली नव्हती, हा खटल्यातला मुख्य मुद्दा होता.

माणसांच्या आधी कोण बसते?

रूळ जोडून झाल्यावर प्रवाशाचे हातपाय जिथवर पोहोचू शकतील तेवढ्या मापाची चौकट गाडीवर बसवून ती संपूर्ण मार्गावरून सावकाश ओढत नेतात. ती खांबाला, भिंतीला, झाडाच्या फांदीला कुठेही लागता कामा नये. मग आसनांवर पाणी भरलेले प्लास्टिकचे पुतळे बसवून शेकडो फेऱ्या होतात आणि संवेदक प्रत्येक वळणावरचे जी नोंदवतात. पुतळे रिकामे ठेवूनही गाडी सोडतात, कारण हलकी गाडी अडकण्याची शक्यता जास्त असते. थंड सकाळी वंगण घट्ट असते, तेव्हा गाडी रेंगाळते. दुपारी चाके तापली की तीच गाडी पळू लागते. आरेखनात सर्वांत संथ आणि सर्वांत वेगवान अशा दोन्ही गाड्यांचा हिशेब मांडावा लागतो. संथ गाडी माथा ओलांडेल ना, हे बघायचे आणि वेगवान गाडीतल्या माणसाची मान सांभाळली जाईल ना, हेही.

कोणत्या रांगेत बसावे?

महाराष्ट्रात हे सगळे अनुभवायचे तर खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातला ‘नायट्रो’ आहे. बोलिगर अँड माबिलार्ड या स्वित्झर्लंडच्या कंपनीचा हा कोस्टर २०१३ मध्ये सुरू झाला. उंची सुमारे ४० मीटर, पाच वेळा उलटे होणे आणि पायाखाली फरशी नाही. गाडी सुटण्याआधी स्थानकातली फरशीच खाली सरकते. त्याचे लूप दुरून पाहिले तरी उलट्या थेंबाचा आकार ओळखू येतो.

पहिल्या रांगेत बसणाऱ्याला समोर मोकळे आकाश दिसते. शिखर ओलांडल्यावर त्याला उतारावर क्षणभर लटकत थांबावे लागते, कारण मागचे डबे अजून वर यायचे असतात. शेवटच्या रांगेचे उलटे आहे. ती शिखरावर पोहोचते तोवर पुढचे डबे उतरणीला लागून वेग घेत असतात आणि तिला माथ्यावरून खेचून नेतात. पोटात गोळा हवा असेल तर मागे, तो टाळायचा असेल तर मधल्या रांगेत.