पोलंडचा धडा आणि आपलं गांधीनगर

कपडे खरेदीला गांधीनगरला जाणाऱ्या किती कोल्हापूरकरांना माहीत असेल, की फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली त्याआधी इथं पोलिश लोकांची वसाहत होती?

दुसऱ्या महायुद्धाचा धडा आपण सगळ्यांनी घोकलाय. १ सप्टेंबर १९३९, हिटलरचा पोलंडवर हल्ला, दोन गुण. पण १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजाही घुसल्या, आणि पुढं लाखो पोलिश लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया-कझाकस्तानात नेलं, हे शाळेत कुणी सांगितल्याचं आठवतं का? १९४१ मध्ये जर्मनीनं सोव्हिएत संघावरच हल्ला केला, तेव्हा त्यांची सुटका झाली. वाचलेल्यांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यातले सुमारे पाच हजार १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत, म्हणजे आजच्या गांधीनगरात राहिले. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काऊटची पथकं होती. महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे. भेळ खाऊन झाली की जरा तिकडंही वळा!

कोल्हापूरचं जगाशी असलेलं नातं सांगणारी आणखी एक गोष्ट. इथल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली, ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. म्हणजे सातवाहन काळातही पंचगंगेचा काठ भूमध्य समुद्राशी जोडलेला होता.

छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला वारले, तिथंही त्यांचं स्मारक आहे. त्यावर पुढची पोस्ट टाकतो.