अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंचा मोबदला : ‘विद्यार्थी-खेळाडू’ या संज्ञेच्या अनुषंगाने

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना मोबदला द्यावा की नाही, हा वाद बहुधा हौशीपणा आणि व्यावसायिकता यांतील संघर्ष म्हणून मांडला जातो. प्रस्तुत लेखात तो ‘विद्यार्थी-खेळाडू’ या संज्ञेच्या अंगाने पाहावयाचा आहे. ही संज्ञा न्यायालयीन दाव्यांच्या धास्तीतून जन्मली.

१९५३ साली कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठातील एका जखमी फुटबॉलपटूचा कामगार नुकसानभरपाईचा हक्क मान्य केला. (हा फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून खेळला जाणारा, धडकाधडकीचा अमेरिकी खेळ.) विद्यापीठाच्या आवारात त्याला मिळालेले काम त्याच्या खेळण्याशी निगडित होते, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. पुढे १९५५ मध्ये त्याच राज्यातील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा खेळाडू रे डेनिसन डोक्याला झालेल्या दुखापतीने मरण पावला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. १९५७ मध्ये ती नाकारण्यात आली; महाविद्यालय फुटबॉलचा व्यवसाय करीत नाही, असे न्यायालयाने म्हटले. या स्पर्धांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संघटनेचे त्या काळातील कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी १९९५ मधील आपल्या पुस्तकात स्पष्टच लिहिले आहे की, खेळाडू कर्मचारी ठरतील या भयाने ही संज्ञा घडविली गेली आणि नियमांत सक्तीने रूढ करण्यात आली.

‘व्यवसाय करीत नाही’ हे गृहीतक फार काळ टिकले नाही. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपण हक्कांवरील संघटनेची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांना ते स्वतंत्रपणे विकता येऊ लागले. प्रशिक्षकांची वेतने कोटींच्या घरात गेली. खेळाडूच्या वाट्याला मात्र शिष्यवृत्तीच राहिली.

शिक्षण हाच खेळाडूचा मोबदला, हे यावरचे नेहमीचे उत्तर. प्राध्यापकवर्गाने हे उत्तर विशेष बारकाईने तपासावयास हवे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील संकुलाविषयीच्या २०१४ च्या चौकशी अहवालानुसार, सुमारे १८ वर्षांत ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी प्रत्यक्षात न भरणाऱ्या वर्गांचे श्रेयांक मिळविले होते. त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू होते. मोबदला म्हणून दिलेले शिक्षण असे पोकळ निघाले, तर खेळाडूला काय मिळाले?

त्यानंतर घटना वेगाने घडल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ऑल्स्टन’ खटल्यात शिक्षणविषयक लाभांवरील मर्यादा एकमताने बेकायदा ठरविल्या. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव व छबी यांच्या जाहिरातींतून कमाई करता येऊ लागली. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने ‘हाउस’ खटल्यातील तडजोड मंजूर केली. तीनुसार माजी व विद्यमान खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यावयाचे असून, २०२५-२६ साठी प्रत्येक सहभागी विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटप करता येते.

म्हणजे ‘द्यावे की नाही’ हा प्रश्न व्यवहारात निकाली निघाला आहे. फुटबॉल व पुरुषांच्या बास्केटबॉलच्या उत्पन्नावर तगणाऱ्या पोहणे, कुस्ती यांसारख्या खेळांचे काय, ही शंका रास्त आहे. स्त्री-खेळाडूंच्या वाट्याबाबतही १९७२ च्या समानता कायद्याच्या आधारे आक्षेप घेतले गेले आहेत. पण हे झाले वाटपाचे प्रश्न. प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ प्रश्न दर्जाचा आहे आणि तो या तडजोडीने सोडविलेला नाही. खेळाडूला पैसे मिळतील, परंतु त्याला कर्मचारी म्हटले जाणार नाही. २०२४ मध्ये एका अपिलीय न्यायालयाने, केवळ हौशीपणाच्या नावाखाली खेळाडूंना कर्मचारी मानण्याचे नाकारता येणार नाही, असे म्हटले खरे. पण कोणते खेळाडू कर्मचारी ठरतात, हे त्या न्यायालयाने ठरविले नाही. त्यामुळे डेनिसनच्या पत्नीने जे मागितले होते, ते मैदानावर जायबंदी झालेल्या आजच्या खेळाडूलाही केवळ या तडजोडीच्या बळावर मागता येत नाही.