कल्पनारम्य भूमिकाखेळातील प्राणशक्तीवर चालणारा राक्षस : नियम, अर्थ आणि रचना

प्रस्तावना :

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे यांच्या साहाय्याने सामूहिक कथा घडविण्याचा एक खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते होत. या खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका स्वीकारतो. एक जण सूत्रधार होऊन जग, संकटे आणि राक्षस उभे करतो. पात्राने काय करावे हे खेळाडू ठरवतो आणि ते साधले की नाही हे फासा ठरवतो. कथा, अभिनय आणि संभाव्यतेचे गणित यांचा असा संयोग अन्य खेळांत क्वचितच आढळतो.

प्रस्तुत लेखात या खेळातील एका विशिष्ट वर्गाचा, म्हणजेच इतरांच्या प्राणशक्तीवर जगणाऱ्या राक्षसांचा विचार केला आहे. राक्षसाचे भय त्याच्या वर्णनापेक्षा त्याच्या नियमात अधिक असते. आणि प्राणशक्तीवर चालणाऱ्या राक्षसाच्या नियमात मिळकतीइतकेच खर्चालाही स्थान असले पाहिजे, हा या विवेचनाचा मुख्य विषय आहे.

पात्राचे 'जीवन' कशात असते?

भूमिकाखेळातील पात्राचे जीवन दोन प्रकारे मोजले जाते. पहिले मोजमाप प्राणगुणांचे. तलवारीचा घाव बसला की ते घटतात, विश्रांतीने किंवा उपचाराने पुन्हा वाढतात. दुसरे मोजमाप पातळीचे. पराक्रम करून अनुभवगुण साठवले की पात्र वरच्या पातळीवर जाते. प्राणगुण ही पात्राची आजची प्रकृती, तर पातळी हा त्याचा सारा भूतकाळ होय. खेळाडूने कित्येक बैठकांत घालवलेला वेळ या दुसऱ्या संख्येत साठलेला असतो.

नियमांचा प्रवास :

१९७४ च्या मूळ नियमांत वाइट, रेथ, स्पेक्टर आणि व्हॅम्पायर या पिशाच्चवर्गीय राक्षसांनी नेमका या दुसऱ्या संख्येवर घाला घातला. वाइट व रेथ यांचा एक फटका लागला की पात्राची एक पातळी जाई. स्पेक्टर व व्हॅम्पायर यांच्या फटक्याने दोन जात. त्यातून वाचण्यासाठी वेगळा फासा टाकण्याची संधी नव्हती. योद्ध्याला पाचवी पातळी गाठण्यासाठी १६,००० आणि सातवी गाठण्यासाठी ६४,००० अनुभवगुण लागत. सातव्या पातळीच्या योद्ध्याला व्हॅम्पायरने एकदा गाठले, तर या दोन आकड्यांमधील सारी वाटचाल पुसली जाई. सारीपाटात घराजवळ पोहोचलेली सोंगटी मारली जावी, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की सारीपाटाचा डाव त्याच दिवशी संपतो आणि हा डाव अनेक महिने चाललेला असतो. वाइटने ज्याची प्राणशक्ती पूर्ण शोषली, तो स्वतःच वाइट होई.

या नियमाने भीती निर्माण केली, यात शंका नाही. ड्रॅगनपुढे न डगमगणारे खेळाडू वाइट दिसताच माघार घेऊ लागले, कारण ड्रॅगनने दिलेली जखम भरून येते. मात्र एका फाशाने अनेक महिन्यांचे श्रम हिरावून घेणे न्याय्य आहे काय, हा प्रश्नही त्याबरोबरच आला.

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत मधला मार्ग काढण्यात आला. शोषणामुळे पात्राला 'ऋण पातळी' लागे. प्रत्येक ऋण पातळीमागे हल्ला, बचाव व कौशल्य यांच्या फाशांतून १ वजा होई आणि ५ प्राणगुण घटत. चोवीस तासांनंतर बचावाचा फासा टाकावा लागे. तो फसला तरच खरी पातळी जाई. २००३ च्या सुधारित आवृत्तीतील वाइटला अशा प्रत्येक ऋण पातळीमागे ५ तात्पुरते प्राणगुण मिळत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वाइटचे शोषण पातळीला हातच लावत नाही. बचावाचा फासा फसल्यास ते प्राणगुणांची कमाल मर्यादा घटवते आणि दीर्घ विश्रांतीनंतर ती पूर्ववत होते. त्याच आवृत्तीतील व्हॅम्पायरच्या चाव्याने जितकी मर्यादा घटते, तितके प्राणगुण व्हॅम्पायरला परत मिळतात.

या प्रवासात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. खेळाडूची हानी सौम्य होत गेली आणि शोषण करणाऱ्याचा लाभ स्पष्ट होत गेला. तरीही एक उणीव राहिली. हे राक्षस प्राणशक्ती घेतात, पण ती न मिळाल्यास त्यांचे काय होते, याचे उत्तर वर पाहिलेल्या नियमांच्या आकड्यांत नाही. ज्याला उपासमार नाही, त्याची भूक केवळ वर्णनापुरती उरते.

नव्या राक्षसाची रचना : 'रिक्तक'

ही उणीव भरून काढणारा राक्षस कसा असू शकेल, हे एका स्वतंत्र उदाहरणाने पाहता येईल. या राक्षसाला 'रिक्तक' म्हणू. तो मुळात एका ओसाड गढीचा पहारेकरी. देह मातीचा, आत पोकळी. साध्या शस्त्राने त्याला इजा होत नाही. त्याच्याजवळ प्रारंभी १२ एकक प्राणशक्ती असते आणि प्रत्येक फेरीत हालचालीसाठी २ एकके खर्च होतात. साठा शून्यावर आला की तो जागच्या जागी निश्चल होतो. फेरीत तो एकच फटका मारतो. फटका लागल्यास सहापैलू फाशावर पडेल तितकी पात्राची प्राणगुणमर्यादा घटते आणि तितकीच एकके त्याच्या साठ्यात जमा होतात.

आता हिशेब पाहू. सहापैलू फाशाची सरासरी ३.५ येते. रिक्तकाला वीसपैलू फाशावर ९ किंवा अधिक हवे असतील, तर फटका लागण्याची शक्यता ६० टक्के; म्हणून फेरीमागे सरासरी मिळकत २.१ आणि खर्च २. तो हळूहळू पुष्ट होत जातो. पात्राने ढाल उचलली आणि रिक्तकाला ९ ऐवजी १० लागू लागले, तर शक्यता ५५ टक्क्यांवर येते, मिळकत १.९२५ होते आणि तोच राक्षस क्षीण होऊ लागतो. फाशावरच्या एका अंकाने त्याचे भवितव्य बदलते. सर्वांनी त्याच्या आवाक्याबाहेर राहायचे ठरवले, तर सहा फेऱ्यांत तो आपोआप थांबतो.

येथे खेळाचे स्वरूपच पालटते. विजय शस्त्रापेक्षा संयमावर अवलंबून राहतो. परंतु गढीच्या अंगणात एखादा जखमी सहकारी पडलेला असेल, तर संयम इतका सोपा राहत नाही. मागे हटणे म्हणजे त्याला राक्षसाच्या तोंडी देणे आणि पुढे जाणे म्हणजे राक्षसाला नवे अन्न पुरवणे. शिवाय हा पहारेकरी दुष्ट नाही, भुकेला आहे, हे ध्यानात आल्यावर एखादा खेळाडू स्वेच्छेने थोडी प्राणशक्ती देऊन त्याच्याकडून वाट मागू शकतो. नियमात खर्च असल्यामुळेच हा पर्याय संभवतो.

सूत्रधाराची जबाबदारी :

अशा राक्षसाची चाहूल आधी लागली पाहिजे. गढीभोवतीचे वाळलेले गवत, पाखरांचा अभाव, निश्चल उभ्या मातीच्या मूर्ती या खुणांवरून खेळाडूंना त्याचा स्वभाव ताडता यावा. तसेच गमावलेली मर्यादा परत मिळवण्याचा मार्ग ठरलेला असावा. उदाहरणार्थ, रिक्तक निश्चल झाल्यावर त्याचा देह फोडल्यास ती मूळ धन्याकडे परतावी. हानी जाणवली पाहिजे, पण तिने खेळाडूचा भूतकाळ पुसू नये.

निष्कर्ष :

प्राणशक्तिशोषक राक्षसांच्या नियमांत १९७४ पासून झालेले बदल हानी आणि न्याय यांचा तोल साधण्याचे प्रयत्न आहेत. पातळी हिरावणाऱ्या मूळ नियमाने खेळाडूला खरे भय दाखवले, पण त्याची किंमत फार मोठी होती. पुढील आवृत्त्यांनी किंमत कमी केली. भय मात्र काहीसे ओसरले. राक्षसाच्या भुकेलाच आकड्यांत बसवले, तर खेळाडूचे श्रम न पुसताही भय टिकवता येते. त्याचबरोबर कोणाला वाचवावे, कोणाला उपाशी ठेवावे आणि स्वतःतले किती द्यावे, हे प्रश्न टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला स्वतःच सोडवावे लागतात. वर्णन या प्रश्नांची सूचना देते. ते सोडवायला नियमच भाग पाडतो.