चौकट : शनिवार तेल्यांची आठवण

कोकणात अलिबाग-पेणच्या गावांत तेलाचा घाणा चालवणारे बेने इस्रायल ज्यू शनिवारी बैल जुंपत नसत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषा ते विसरले होते. उरली होती आठव्या दिवशीची सुंता, खवल्यांचेच मासे खाण्याचा नेम, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष व सात बायका वाचल्याची कथा. कथेला कागदोपत्री पुरावा नाही. नवगावला स्मारक मात्र आहे. आडनावे दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी अस्सल कोकणी. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी उभारले. पुढे बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनेही रंगली. नवस फेडताना एलियाहू नबीच्या नावाने गोड पोहे आणि खोबऱ्याचा मलिदा आजही होतो.

१९४८ च्या मे महिन्यात इस्रायल स्थापन झाले. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींच्या ज्यूपणावर मात्र तिथल्या धर्मपीठानेच शंका घेतली. ग्रंथ हाताशी नसताना ज्यांनी धर्म जपला, त्यांच्याकडेच दाखला मागितला गेला! मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा मिळाला तो २०१६ मध्ये.