पदवीपाठोपाठ गाडीचा हप्ता

अमेरिकेत एमएस संपवून नोकरीला लागलेल्या मुलाने पहिल्याच पगारावर गाडी घेतली, की इकडे नाशिक-सांगलीत भुवया उंचावतात. घर तारण ठेवून कर्ज काढलंय, ते फेडायचं सोडून ही कसली हौस? इकडच्या हिशेबाने प्रश्न रास्त आहे. पण न्यूयॉर्क, शिकागोसारखी मोजकी शहरं सोडली, तर तिथे बसच्या भरवशावर नोकरी टिकत नाही. डॅलसमध्ये गाडी नसलेला माणूस जवळजवळ घरीच बसतो.

तिथल्या पदवीधरांचीही हीच कोंडी. चार कोटींहून अधिक अमेरिकनांवर केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज आहे, एकूण सुमारे १.६ लाख कोटी डॉलर. त्यात गाडीचा हप्ता आला, की ओढाताणीत आधी भरला जातो तो गाडीचाच. कारण उघड आहे. सरकारी शैक्षणिक कर्जाला शिक्षण संपल्यावर साधारण सहा महिन्यांची सवलत असते आणि हप्ते थकले तरी ते बुडीत धरायला २७० दिवस जातात. गाडीचे हप्ते थकले, तर अनेक राज्यांत फायनान्सवाले कोर्टाची पायरीही न चढता गाडी उचलून नेतात. गाडी गेली की नोकरीवर गदा. शिक्षणाचं कर्ज तोवर निमूट थांबतं, पण व्याज चढत राहतं. आणि दिवाळखोरी जाहीर केली तरी ते सहसा पाठ सोडत नाही.

आपल्या मुलांची अडचण वेगळीच. तिथे त्यांची पत शून्यापासून सुरू होते. समजा, १५ हजार डॉलरची जुनी कोरोला पाच वर्षांच्या कर्जावर घेतली. सात टक्क्यांनी हप्ता २९७ डॉलर. पत नाही म्हणून १५ टक्के लागले, तर ३५७. पाच वर्षांत फरक ३,६०० डॉलरचा, म्हणजे तीन लाख रुपयांहून जास्त! विमा, पेट्रोल, टायर वेगळेच. इकडे बँकेची मुदतही सरत आलेली असते, कारण शैक्षणिक कर्जाची परतफेड बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरात सुरू होते.

तेव्हा पालकांनो, परदेशी शिक्षणाचा खर्च मांडताना फी आणि राहण्या-खाण्याच्या खाली गाडीचाही आकडा लिहा. आणि मुलांना सांगा, पहिल्या सेमिस्टरलाच विद्यार्थ्यांसाठीचं साधं क्रेडिट कार्ड घ्या आणि बिल वेळच्या वेळी पूर्ण भरा. गाडीच्या कर्जाचा दर ठरवताना तिथला बँकवाला पदवी नव्हे, ही नोंद बघतो.