जुन्या कलावस्तुविषयक नियतकालिकांचा संग्रह : ‘जर्नल ऑफ इंडियन आर्ट’च्या निमित्ताने

जुनी भांडी, दागिने, वस्त्रे, लाकडावरील कोरीवकाम इत्यादी शोभिवंत वस्तूंचा अभ्यास करणारा विद्यार्थी प्रथम वस्तुसंग्रहालयाकडे वळतो, मग ग्रंथांकडे. नियतकालिकांकडे तो बहुधा सर्वांत शेवटी येतो. हा क्रम उलटा असावयास हवा, असे आमचे मत आहे. ग्रंथ हा विचार पक्का झाल्यावर लिहिला जातो. नियतकालिकाचा अंक मात्र तो विचार घडत असतानाचा साक्षीदार असतो.

लंडनहून १८८४ पासून निघालेले ‘जर्नल ऑफ इंडियन आर्ट’ (पुढे ‘इंडियन आर्ट अँड इंडस्ट्री’) हे ह्याचे उत्तम उदाहरण होय. हिंदुस्थान सरकारने १८८३ साली संग्रहालये व प्रदर्शने ह्यांविषयी जो ठराव केला, त्यातून ह्या त्रैमासिकाचा जन्म झाला. आरंभी त्याची सूत्रे जॉन लॉकवुड किपलिंग ह्यांच्याकडे होती. हे गृहस्थ १८६५ ते १८७५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते व नंतर लाहोरच्या कलाशाळेचे प्रमुख झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात हे नियतकालिक बंद पडले. तोवर त्याचे १७ खंड झाले होते. मराठी वाचकास त्याविषयी विशेष आस्था वाटावी असे एक कारण आहे. बाळकृष्ण आत्माराम गुप्ते ह्यांनी ठाण्याच्या रेशमी वस्त्रांवर लिहिलेला लेख ह्याच नियतकालिकात आला. तो धंदा त्या काळीच उतरणीस लागला होता.

तथापि संग्राहकांची उडी पडते ती लेखांवर नव्हे, चित्रपत्रांवर. मुद्रक विल्यम ग्रिग्ज (१८३२–१९११) ह्यांनी छायाचित्रण व रंगीत शिलामुद्रण ह्यांचा मेळ घालून जी पद्धती बसविली, तिच्यात प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा लागे आणि सारे ठसे एकमेकांवर तंतोतंत बसवावे लागत. असे पत्र बहिर्गोल भिंगाखाली धरले असता शाईचे वेडेवाकडे कण दिसतात. उलट हाफटोन ठशात अथवा अलीकडच्या नकलेत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. विद्यार्थ्याने ही परीक्षा स्वतः एकदा तरी करून पाहावी; वर्णन वाचून ती डोळ्यांत भरत नाही.

ह्या सौंदर्यानेच त्या अंकांचा घात केला आहे. व्यापारी खंड फोडतो, चित्रपत्रे सुटी करतो, चौकटीत बसवून विकतो आणि मजकूर रद्दीत जातो. मग भिंतीवर टांगलेल्या त्या तांब्याच्या सुरईचे गाव कोणते, घडण कोणाची, ती कोणत्या प्रदर्शनात मांडली होती, हे सांगणारे कोणी उरत नाही. आमच्या पाहण्यातील एका बांधीव खंडात अनुक्रमणिकेत नोंदलेल्या चित्रांपैकी निम्मी जागेवर नव्हती. ती कापून घेणाऱ्याने कडा मात्र मोठ्या सुबकपणे राखल्या होत्या!

दुसरा घात ग्रंथालयांच्या हातून होतो, आणि तोही सद्‌हेतूने. वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखवेष्टने व जाहिरातींची पाने काढून टाकण्याची प्रथा सर्वत्र होती. परंतु अंकाची नेमकी तारीख, किंमत, विक्रेत्यांची नावे ही पुष्कळदा वेष्टनावरच असतात. खंडाच्या मुखपृष्ठावरील सालावर विसंबून चालत नाही. टी. एच. हेंडली ह्यांचा भारतीय दागिन्यांवरील प्रबंध बाराव्या खंडात, ९५ ते १०७ ह्या अंकांतून, १९०६ ते १९०९ पर्यंत क्रमशः आला; आणि १९०९ एवढेच साल उद्धृत करणारा अभ्यासक त्यातील आरंभीच्या भागास तीन वर्षांनी अलीकडे ओढतो. कोणी कोणाचे पाहून लिहिले, असा वाद जेथे असतो तेथे तीन वर्षे थोडी नव्हेत.

लंडनच्या ‘कॉनॉशर’ (१९०१–१९९२) ह्या मासिकाच्या बाबतीत तर जाहिराती हेच मोठे धन आहे. कोणती वस्तू कोणत्या पेढीकडे केव्हा होती, ह्याचा माग त्यांवरून लागतो. कलकत्त्याचे अर्धेंदुकुमार गांगुली ह्यांचे ‘रूपम’ (१९२०–१९३०) व मुंबईचे ‘मार्ग’ (१९४६ पासून) ह्यांची गोष्ट निराळी. तेथे लेख व चित्रे सारखीच मोलाची आहेत.

आज जुन्या खंडांच्या संगणकीय प्रती घरबसल्या वाचता येतात, तेव्हा मूळ अंक जमविण्याचा खटाटोप कशास, असे कोणी विचारील. प्रतिमा बहुधा बांधीव खंडावरूनच घेतलेली असते. जे बांधणीत गेले ते तिच्यातही नाही. कागदाचा पोत, ठशांची बसण, रंगाची खरी छटा ही पडद्यावर येत नाही.

म्हणून सुटा, वेष्टनासह अंक मिळाल्यास तो फाटका असला तरी घ्यावा व तसाच ठेवावा. नवी बांधणी करू नये, चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. अनुक्रमणिकेशी चित्रपत्रे ताडून उणी असतील ती टिपावीत. आणि सुटे चित्रपत्र हाती आले, तर त्याचा खंड व अंक शोधून मागील बाजूस, कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीने लिहून ठेवावा.